प्रोजेक्टर कोणी सरळ करायचा?

ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये प्रोजेक्टरच्या पुढच्या पायाखाली जाडजूड मॅन्युअल किंवा ए-फोर कागदांचं रीम सरकवलेलं तुम्ही पाहिलं असेलच. एक जण पुस्तक सरकवतो, दुसरा भिंतीकडे बघून "अजून थोडं वर.. आता डावीकडे.. बास बास!" असं ओरडतो, आणि एवढं करूनही चित्र वर रुंद आणि खाली अरुंद ते अरुंदच. ह्या समलंब चौकोनी प्रकाराला कीस्टोन म्हणतात. मग क्लायंट येतो, सगळे जण वाकड्या चित्राकडे बघत तास काढतात आणि प्रोजेक्टरला शिव्या घालतात.

प्रश्न अगदी बाळबोध आहे. प्रोजेक्टर आणि भिंत यांचं जुळत नसेल तर जुळवून कोणी घ्यायचं? माणसाने, भिंतीने, की प्रोजेक्टरने? ह्या प्रश्नाला साडेतीनशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात आपल्या मराठी माणसांचा वाटा चांगला घसघशीत आहे. कल्याणचे एक गृहस्थ, कुडाळजवळच्या पिंगुळीतली काही घराणी आणि नाशिकचा एक इंजिनियर. गंमत म्हणजे तिघांनी ह्या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी दिली.

सुरुवात हॉलंडपासून करू. १६५९ च्या सुमारास क्रिस्तियान हायगेन्स ह्या शास्त्रज्ञाने दिवा, भिंग आणि काचेवरचं चित्र ह्यांची जोडणी करून जादूचा कंदील बनवला. (शनीची कडी म्हणजे काय हे ओळखणारा तोच हा हायगेन्स.) सव्वा-दीड शतकानंतर, १७९० च्या दशकात, पॅरिसमध्ये एतियेन-गास्पार रोबेर ऊर्फ रॉबर्टसन ह्याने त्याच कंदिलाला चाकं लावली आणि लोकांना भुतं दाखवायला सुरुवात केली. पडद्यामागे कंदील ठेवायचा आणि हळूहळू मागे ओढत न्यायचा. चित्र मोठं होत जातं, अंधारात बसलेल्यांना वाटतं भूत अंगावर येतंय. पण कंदील मागे गेला की चित्र धूसर होतं. म्हणून चाकं फिरत असतानाच भिंगही त्याच प्रमाणात सरकवावं लागे, आणि दिव्याची झडपही कमीजास्त करावी लागे. आज आपण ज्याला ऑटोफोकस म्हणतो तो तेव्हा रॉबर्टसनच्या हातात होता. सेन्सर म्हणजे त्याचे डोळे, मोटर म्हणजे त्याची बोटं.

आता कल्याण. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांना हाताशी धरून १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' ह्या नावाने खेळ सुरू केले. नाव भलतंच भारदस्त आहे. शंबरासुर हा पुराणातला मायावी राक्षस, खरोलिका म्हणजे दिवा, कंदील. म्हणजे चक्क मॅजिक लँटर्नचं संस्कृत भाषांतर! ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली ७ जुलै १८९६ ला, म्हणजे पटवर्धनांचे खेळ त्याच्या चार वर्षं आधीचे. पटवर्धन काचांवर हाताने रंगवलेली चित्रं वापरत. रामायणातले, पुराणातले प्रसंग आणि सोबत निवेदन, संगीत. एकाहून अधिक कंदील वापरून ते एक चित्र विरवून त्याच जागी दुसरं आणत, त्यामुळे पात्रं हालचाल करताहेत असं वाटे.

इथे थोडं थांबा. दोन कंदील वेगवेगळ्या जागी ठेवलेले, दोन काचा वेगवेगळ्या रंगवलेल्या आणि दोन्ही चित्रं पडद्यावर एकाच जागी पडायला हवीत. बोटभर इकडेतिकडे झालं तर पात्र हात उचलण्याऐवजी जागचं टुणकन उडी मारणार. म्हणजे प्रत्येक नव्या गावात, नव्या पडद्यासमोर, नव्या अंतरावर हे सगळं पुन्हा जुळवायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर हे दोन प्रोजेक्टरचं कॅलिब्रेशन आहे आणि ते एकोणिसाव्या शतकात कल्याणचं एक कुटुंब दौऱ्यावर करत होतं. इतिहासाच्या पुस्तकांत शांबरिक खरोलिका आली तर 'सिनेमाची पूर्वज' म्हणून एका परिच्छेदात येते. पण मला तिच्यातला अवघड भाग चित्रं रंगवण्याइतकाच हा जुळवणीचा वाटतो, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

आमच्या सिंधुदुर्गात तर ह्याहून जुनी परंपरा आहे. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या. पडदा, त्यामागे दिवा आणि मध्ये रंगवलेली चामड्याची बाहुली. बाहुली पडद्याला टेकवली की सावली रेखीव, दिव्याकडे सरकवली की मोठी आणि धूसर. वाटेल तेव्हा राक्षस मोठा करायचा, वाटेल तेव्हा लहान. सावंतवाडीच्या राजांचा आश्रय असलेली ही कला चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसोबत ह्या समाजाने जिवंत ठेवली. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पिंगुळीला त्यांनी उभं केलेलं संग्रहालय आहे, कुडाळला उतरलात तर वाकडी वाट करून जरूर बघा.

पिंगुळीचं उत्तर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड: जुळवायचं काम पूर्णपणे माणसाचं. दिवा साधा, पडदा साधा, सगळी हुशारी मनगटात. ती हुशारी शिकायला आयुष्य जातं आणि ती एका घरातून दुसऱ्या घरात सहजी जात नाही. हा त्या उत्तराचा मोठेपणा आणि हीच त्याची अडचण.

आता आमच्या गावाबद्दल. मिठबाव हे देवगड तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. गजबादेवीचं देऊळ, तांबळडेगचा किनारा, कुणकेश्वरही फार लांब नाही. गावातली जुनी घरं जांभ्या चिऱ्याची. चिरा बघितला असेल तर कल्पना येईल, तांबडा, भोकाभोकांचा, खडबडीत. गिलावा केलेली भिंत असली तरी वर उतरतं छप्पर आणि पुढे पडवी. सपाट पांढरी भिंत समोर आणि तिच्यापुढे मोकळी जागा, असा योग विरळाच. म्हणून पूर्वी सिनेमा दाखवायचा झाला तर मोकळ्या जागेत दोन वाशांना कापडी पडदा बांधत. समुद्राचा वारा सुटला की पडद्याला शिडासारखा फुगवटा यायचा आणि नायकाचं तोंड कधी भोपळ्यासारखं, कधी पडवळासारखं. आमचे आजोबा सांगतात, तेव्हा ह्यावर कोणी तक्रार करत नसे. "पडदो हललो की चित्रय हलतला, तेका कोण काय करतलो!"

तेका कोण काय करतलो, हाच तर प्रश्न आहे.

विसाव्या शतकाने ह्याचं उत्तर दिलं ते असं: जागेनेच प्रोजेक्टरशी जुळवून घ्यायचं. म्हणजे थिएटर बांधायचं. पडदा ताणून बसवायचा, प्रोजेक्टरची खोली ठरलेल्या उंचीवर, मशीन बोल्ट मारून पक्कं. एकदा जुळवलं की वर्षानुवर्षं हात लावायला नको. संगणकवाल्यांनीही तेच केलं. १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात 'केव्ह' नावाची खोली उभी राहिली. भिंतीच पडदे, आत उभं राहायचं आणि सगळीकडे आभासी जग. अफाट कल्पना, पण त्यासाठी अख्खी खोली प्रोजेक्टरच्या सोयीने बांधावी लागली. ज्याच्याकडे जागा आणि पैसा आहे त्याच्यासाठी हे उत्तर उत्तम. मिठबावसाठी शून्य उपयोगाचं.

आणि इथे नाशिकचा इंजिनियर येतो.

रमेश रासकर मूळचे नाशिकचे. (दादासाहेब फाळके शेजारच्या त्र्यंबकेश्वरचे. नाशिक जिल्ह्याच्या पाण्यात काहीतरी असावं :-)) पुण्याच्या सीओईपीमधून इंजिनियरिंग करून ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिलला गेले. तिथे हेन्री फुक्स ह्या ग्राफिक्समधल्या दिग्गजाच्या गटात 'भविष्यातलं ऑफिस' असा प्रकल्प चालू होता. कल्पना अशी की ऑफिसातल्या भिंती, टेबल, कपाट ह्या सगळ्यांवर चित्र पडेल आणि दूरच्या शहरातला सहकारी समोर बसल्यासारखा दिसेल. पण मुख्य अट वेगळीच होती. ऑफिस आहे तसंच ठेवायचं! भिंत कोपऱ्यात वळलेली असेल, मध्ये कपाट असेल, असू दे. प्रोजेक्टरनेच ते समजून घ्यायचं. १९९८ च्या सिग्राफ परिषदेत ह्यावरचा पेपर आला आणि त्यात रासकरांचं नाव पहिलं होतं.

हे कसं करायचं? गाभा एका वाक्यात सांगता येतो: प्रोजेक्टर म्हणजे उलटा कॅमेरा. कॅमेऱ्यात बाहेरचे किरण भिंगातून आत येऊन एकेका पिक्सेलवर पडतात. प्रोजेक्टरमध्ये एकेका पिक्सेलवरून किरण निघून भिंगातून बाहेर जातात. भूमिती तीच, फक्त बाणांची दिशा उलटी. मग प्रोजेक्टरशेजारी कॅमेरा ठेवला की आपल्या दोन डोळ्यांसारखी जोडी तयार होते. एक डोळा बघतो, दुसरा रंगवतो. प्रोजेक्टरचा कुठला पिक्सेल कॅमेऱ्याच्या कुठल्या पिक्सेलमध्ये दिसतोय एवढं कळलं की त्रिकोणमितीने त्या बिंदूचं अंतर निघतं.

पण प्रोजेक्टरचे पिक्सेल तर लाखो. १०२४ गुणिले ७६८ म्हणजे जवळजवळ आठ लाख. एकेक पेटवून बघत बसलो तर जन्म जाईल. त्यासाठी भिंतीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या टाकतात. आधी अर्धा पडदा पांढरा अर्धा काळा, मग चार भाग, मग आठ.. असे दहा नमुने झाले की १०२४ पैकी प्रत्येक उभ्या ओळीला स्वतःचा दहा आकडी बायनरी नंबर मिळतो. आडव्यांसाठी आणखी दहा. वीस चित्रांत आठ लाख पिक्सेलची ओळख परेड! बायनरीचं इतकं सुंदर उदाहरण मला कॉलेजात कोणी दिलं असतं तर डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये चार मार्क जास्त पडले असते.

पण सतत पट्ट्या चमकत राहिल्या तर ऑफिसात काम कोण करणार? त्यावरची युक्ती अशी: पट्ट्यांचं चित्र आणि लगेच त्याचं नेमकं उलटं चित्र, इतक्या वेगाने की डोळ्याला नुसता एकसारखा उजेड दिसतो. त्याच तालावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र पट्ट्या दिसतात.

इथवर सगळं ठीक. पण ह्यानंतरचा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडतो. २००० मध्ये रासकर मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या संशोधन प्रयोगशाळेत गेले. तिथे पॉल बियर्ड्स्ली ह्यांच्याबरोबर २००१ मध्ये त्यांनी 'स्वतःला सरळ करणारा प्रोजेक्टर' मांडला. त्यात एक अडचण होती. कॅमेरा प्रोजेक्टरलाच चिकटवलेला. प्रोजेक्टर तिरका ठेवला तर कॅमेराही तेवढाच तिरका. समोर कोरी भिंत. भिंत आपल्याशी किती अंशात कलली आहे हे कॅमेऱ्याला कळेल, पण 'वर' कुठे आहे? कोऱ्या भिंतीवर ते कुठे लिहिलेलं असतं? तुम्ही डोळे मिटून मान वाकडी केली तरी वर कुठे हे तुम्हाला कळतं, कारण कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा आहे. प्रोजेक्टरला हाच कान बसवावा लागला. गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगणारा झुकाव-सेन्सर. कॅमेऱ्याने भिंत सांगितली, सेन्सरने ओळंबा सांगितला. दोन्ही मिळाले की भिंतीवर उभ्या बाजू खरोखर उभ्या असलेला आयत कुठे बसेल ते गणिताने निघतं. मग मूळ चित्र मुद्दाम उलट बाजूने वाकडं करून सोडायचं, म्हणजे भिंतीवर सरळ पडतं. गवंड्याचा ओळंबा आणि पिंगुळीच्या कलाकाराचा डोळा, दोन्ही एका डब्यात!

त्याच वर्षी रासकर आणि चॅपेल हिलच्या सहकाऱ्यांनी 'शेडर लॅम्प्स' दाखवले. भिंत सोडाच, थेट वस्तूवरच रंग टाकायचा. ताजमहालाची एक पांढरी प्रतिकृती आणि दोन बाजूंना दोन प्रोजेक्टर. पांढऱ्या ठोकळ्यावर संगमरवर, नक्षी, सकाळचं-संध्याकाळचं ऊन सगळं प्रकाशानेच उमटत होतं. जुळवणी मात्र अजून हातानेच होती. प्रोजेक्टरमधून फुली सोडायची, ती माउसने सरकवत प्रतिकृतीच्या ठरावीक बिंदूंवर न्यायची. असे किमान सहा बिंदू जुळले की बाकीचं गणित संगणक करतो. आज देवळांवर, किल्ल्यांवर, इमारतींवर जे प्रोजेक्शन मॅपिंगचे शो होतात त्यांच्या पूर्वजांत ह्या ताजमहालाचं नाव घ्यावंच लागेल. तो एकमेव नव्हे. डिस्नेलँडमध्ये १९६९ पासून एका निर्जीव मस्तकावर बोलणाऱ्या बाईचा चेहरा टाकत आलेत. पण तिथे मस्तक, प्रोजेक्टर सगळं कायमचं ठरवलेलं. रासकरांच्या गटाने तो मामला गणितात आणला.

२००३ मध्ये आले 'आयलॅम्प्स'. ह्यात प्रत्येक प्रोजेक्टरला स्वतःचा कॅमेरा, स्वतःचा झुकाव-सेन्सर, स्वतःचा संगणक. तीन-चार प्रोजेक्टर कसेही ठेवा, ते एकमेकांची चित्रं कॅमेऱ्याने बघून आपली जागा ठरवतात आणि मिळून एक मोठं चित्र बनवतात. जिथे दोघांची चित्रं एकावर एक येतात तिथे उजेड दुप्पट होऊ नये म्हणून दोघंही आपला प्रकाश काठाकडे कमी करत नेतात. नवीन प्रोजेक्टर आला तर त्याला सामावून घेतात. सपाट भिंत नको, घुमट चालेल, खोलीचा कोपरा चालेल. पटवर्धनांना कल्याणला जे दोन-दोन कंदिलांशी झगडून करावं लागत होतं, ते काम कंदिलांनी आपसात बोलून करायचं.

२००४ मध्ये ह्या गटाने प्रोजेक्टर हातातच घेतला. हात हलतो, प्रोजेक्टर हलतो, पण भिंतीवरचं चित्र जागचं हलत नाही, कारण हाताची हालचाल मोजून चित्र उलट्या दिशेने सरकवलं जातं. शिवाय गोदामातल्या खोक्यांवर प्रकाश ओळखणाऱ्या आरएफआयडी पट्ट्या लावून त्यांच्यावर त्याच बायनरी पट्ट्या टाकल्या. प्रत्येक पट्टीला मिळालेला नंबर म्हणजेच तिची जागा, ती रेडिओवरून कळवून टाकते. त्याच वर्षी जॉनी ली ह्यांनी रासकर आणि इतरांबरोबर पडद्याच्या कोपऱ्यांतच प्रकाश-सेन्सर बसवून कॅमेराही काढून टाकला. (हेच ते वी रिमोटपासून व्हाइटबोर्ड बनवणारे ली.)

रासकर २००८ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले आणि त्यांचं बाकीचं काम जास्त गाजलं. सेकंदाला एक लाख कोटी चौकटींच्या वेगाने प्रकाशाचा प्रवास टिपणारा कॅमेरा, मोबाइलला लावून डोळ्याचा नंबर काढणारं 'नेत्र', २०१५ च्या नाशिक कुंभमेळ्यासाठी तरुणांना जमवून केलेला 'कुंभथॉन'. २०१६ मध्ये त्यांना पाच लाख डॉलर्सचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला. ह्या गडबडीत प्रोजेक्टरचं काम मागे पडलं. आपल्याकडे रासकरांवर लेख आले ते बहुतेक पुरस्काराच्या रकमेचे. माझ्या मते नाशिकच्या माणसाच्या हातून झालेलं सगळ्यात 'आपलं' काम हेच होतं, कारण त्यात यंत्राला सांगितलंय की बाबा रे, जागा आहे तशीच राहणार, तू सुधार.

आज हे सगळं कुठे आहे? बाजारात मिळणारे पुष्कळ छोटे प्रोजेक्टर चालू करताच स्वतः फोकस करतात आणि कीस्टोन काढतात. त्यांच्यात अंतर मोजणारा सेन्सर किंवा कॅमेरा असतो आणि मोबाइलमध्ये असतो तसला हालचाल ओळखणारा सेन्सर. पण बहुतेकांना समोर सपाट भिंतच लागते. आणि वाऱ्याने फुगणारा पडदा? तेही प्रयोगशाळेत झालंय. टोकियो विद्यापीठातल्या इशिकावा-वातानाबे गटाने सेकंदाला हजार चित्रं टाकणारा प्रोजेक्टर बनवून हलत्या, सुरकुतणाऱ्या कापडावर चित्र चिकटवल्यासारखं बसवून दाखवलंय. म्हणजे आजोबांच्या प्रश्नाला उत्तर आहे. फक्त ते अजून गावात पोचलेलं नाही.

आणि मला ह्यात नुसती करमणूक दिसत नाही. शाळेला प्रोजेक्टर मिळतो, पण वर्गाची भिंत तशी नाही, खिडकीला पडदा नाही, टेबल डुगडुगतं, म्हणून तो कपाटात जातो, हे तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. आपण म्हणतो गावात वापरता येत नाही, लोकांना ट्रेनिंग नाही. पण यंत्र बनवताना कुठली खोली डोळ्यांसमोर होती, हे कोणी विचारत नाही. तीच गत आपण लिहितो त्या सॉफ्टवेअरची. नेटवर्क कायम आहे, स्क्रीन मोठा आहे, माणसाला इंग्रजी येतं, हे सगळं गृहीत धरायचं आणि मग 'यूजर एरर' म्हणून तिकीट बंद करायचं.

ह्याची दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. यंत्र स्वतः जुळवायला लागलं की जुळवणाऱ्या हाताची गरज कमी होते. पिंगुळीतली बाहुली कॅमेऱ्याशिवाय, सेन्सरशिवाय राक्षसाला अंगावर आणते आणि ते बघायला मजा येते ती त्या हातामुळेच. म्हणून तिथे सेन्सर नको. शाळेत मात्र हवाच. कुठे हात ठेवायचा आणि कुठे सोडायचा, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

सोमवारी मीटिंगमध्ये प्रोजेक्टरखाली पुस्तक सरकवाल तेव्हा पटवर्धनांची आठवण काढा. पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी.